पंगतीतलं एक वाक्य

श्रावणातली दुपार होती आणि बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. म्हणून ते दोघं चुकून उपासनाच्या दारात आले.

पुढे एक म्हातारे गृहस्थ… पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात ओली छत्री. मागे त्यांचा नातू. त्यानं आत डोकावून विचारलं, "डोळ्यांचा दवाखाना हाच न्हवं?"

"डोळ्यांचा वर आहे. हा कानांचा," उपासना म्हणाली. "पण डोळ्यांचे डॉक्टर चारशिवाय येत नाहीत. इथंच बसा हवं तर. आजोबांना कशाला जिने चढवता?"

"आज्जा, बसा," नातू मोठ्यानं म्हणाला.

"उसाला काय झालं?" आज्जांनी काळजीनं विचारलं.

उपासनानं हसू दाबलं. "यांचे कान कधी तपासलेत?"

"त्यांना पायजे ते सगळं ऐकू येतंय, मॅडम. नको ते येत न्हाई."

"मग आज नको ते ऐकवून बघू," ती म्हणाली.

आज्जांचं नाव बाळगोंडा. नातू अरिहंत. निपाणीहून आलेले. उपासनानं आज्जांना काचेच्या आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि स्वतःच्या ओठांपुढे एक पुठ्ठा धरला, कारण म्हातारी माणसं ओठ वाचून उत्तरं देतात. मग एकेक शब्द म्हणायला लागली.

"पाणी."

"पाणी," आज्जा म्हणाले.

"गाडी."

"गादी."

"साखर."

"सासर," आज्जा ठामपणे म्हणाले.

पुठ्ठ्याआडून उपासना हळूच म्हणाली, "तुम्ही हसू नका. त्यांना काचेतून दिसतंय."

"मी हसत न्हाई."

"खांदे हलताहेत तुमचे."

"ते… थंडीनं," अरिहंत म्हणाला.

तपासणी संपल्यावर तिनं आज्जांना त्या खोलीतून बाहेर आणलं आणि दाखवण्यापुरतं एक यंत्र त्यांच्या कानात बसवलं. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर पावसानं उसंत घेतली होती.

"हे काय वाजतंय?"

"चिमण्या आहेत, आज्जा. तारेवर."

"आस्सं व्हय," आज्जा म्हणाले. "मला वाटलं, आता चिमण्याच न्हाईत म्हणून."

अरिहंतचं हसू थांबलं. त्यानं उपासनाकडं पाहिलं आणि नजर काढून घ्यायला जरा उशीरच केला. ती उगीचच पुठ्ठा सरळ करत बसली.

आज्जा यंत्र विकत घेऊनच घरी गेले. डोळे दाखवायचे मात्र त्या दिवशी राहूनच गेले.

*

आठ दिवसांनी तो परत आला. एकटाच.

"पेशंट कुठायत?"

"घरात. मी यंत्राचे सेल न्यायला आलोय."

"गेल्याच खेपेला दोन पाकिटं दिली होती."

"आज्जा लई ऐकायला लागलेत आता," तो गंभीरपणे म्हणाला.

निपाणीहून बेळगावला तो सेलसाठी येतोय, यावर तिनं विश्वास ठेवल्यासारखं केलं. तिनं तो ठेवलाय, असं त्यानंही मानल्यासारखं केलं. मग कधी यंत्र शिट्टी वाजवायचं, कधी त्याची नळी तुंबायची. कधी काहीच नसायचं, तेव्हा तो खाली टपरीवर चहा प्यायला थांबायचा आणि दवाखाना बंद करून ती नेमकी तिथूनच जायची.

त्याची उसाच्या रोपांची रोपवाटिका होती.

"कांड्यावरच्या एका डोळ्यातनं एक रोप येतं," तो सांगायचा. "उसाला डोळे असतात, म्हाईत हाय न्हवं?"

"आणि कान?"

"कान न्हाईत. म्हणून तर त्याच्याशी काय पण बोलता येतंय."

"काय बोलता?"

त्यानं चहाचा ग्लास हातात फिरवला. "सध्या तर… तुमच्याबद्दलच."

तिचा चहा सांडता सांडता राहिला.

दसऱ्यापर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. कसं झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एका संध्याकाळी रस्ता नुकताच ओला होऊन चमकत होता, आणि तो म्हणाला, "उपासना, आज मी सेल न्यायला आलेलो न्हाई."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण आधी दोन गोष्टी. आम्ही बौद्ध आहोत."

"दारावरचं नाव वाचूनच आत आलतो मी."

"तू चुकून आत आलतास."

"पैल्यांदा चुकून. नंतर दरखेपेला नाव वाचूनच."

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "दुसरी गोष्ट… अण्णाला सांगायचंय. त्याला सांगितल्याशिवाय मी पुढं काही बोलणार नाही."

*

उपासनाचा अण्णा म्हणजे यशपाल. वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. ते गेले तेव्हा उपासना फ्रॉक घालायच्या वयाची होती आणि यशपाल नुकताच दहावी झाला होता. आई दोघांना घेऊन बेळगावला आली. यशपालनं आयटीआय केलं, दुसऱ्यांच्या लेथवर राबला, बहिणीला मंगळूरला पाठवून शिकवलं, आणि मग उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची दोन मशिनं टाकली. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. खासबागेतल्या घरात तो, त्याची बायको सुविधा आणि उपासना असे तिघं राहायचे.

तिनं सांगितलं तेव्हा तो मोरीत कोपरापर्यंत साबण लावून हात घासत होता.

"नाव काय?"

"अरिहंत. निपाणीचा. उसाची रोपवाटिका आहे त्यांची."

"आज्जाचं नाव बाळगोंडा?"

"तू ओळखतोस?"

यशपालनं नळ बंद केला. हात न पुसताच तो पाटावर येऊन बसला. सुविधानं त्याच्या चेहऱ्याकडे बघून गॅस बारीक केला.

"नववीत एका वर्गात हुतो आम्ही," तो म्हणाला. "शाळेत वर्षाच्या शेवटाला जेवण असायचं. निम्म्या पोरांनी बसायचं, निम्म्यांनी वाढायचं. सरांनी माझ्या हातात भाताचं घमेलं दिलं. मी खूश. नवीन शर्ट घालून गेलतो. वाढत वाढत त्याच्यापुढं आलो. त्यानं ताटावर हात ठेवला आन म्हणाला, 'ह्यानं वाढलं तर मी उठतो.' ओरडून न्हाई हं. साधं, पाणी मागितल्यागत. मग त्याच्या शेजारच्यानं हात ठेवला. मग त्याच्या शेजारच्यानं. सगळी पंगत."

"आणि सर?"

"सरांनी घमेलं काढून घेतलं. म्हणाले, जा, तू चपलांकडं बघ."

उपासनाला आठवलं, अण्णा कधीच कुणाच्या लग्नात पंगतीला बसत नाही. आहेर देतो, घाई आहे म्हणतो आणि निघतो. तिला वाटायचं, कामाची घाई असेल.

"अण्णा, तू नको म्हणालास तर मी थांबते," ती म्हणाली.

"मी नको म्हणणार न्हाई. ते माझ्यावर टाकू नको," यशपाल म्हणाला. "तुला जे विचारायचं ते त्याला विचार."

*

किल्ल्याच्या तळ्याकाठी तिनं त्याला विचारलं. सगळं सांगून विचारलं. घमेलं, ताटावरचा हात, चपला.

अरिहंतनं हातातली काडी पाण्यात टाकली.

"मला आठवत न्हाई," तो म्हणाला.

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे… काहीच आठवत न्हाई. यशपाल आठवतो. शेवटच्या बाकावर बसायचा, गणितात हुशार. पण हे… न्हाई."

"मग झालंच नाही असं म्हणायचंय तुला?"

"न्हाई. तुझ्या अण्णानं सांगितलं म्हंजे झालंय. आमच्या घरात तवा तसंच बोलायचे. मी बोललो असणार." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आठवतंय म्हटलं असतं, रात्र-रात्र झोप लागली न्हाई म्हटलं असतं, तर तुला बरं वाटलं असतं. पण ते खोटं झालं असतं, उपासना."

त्याचं खरं बोलणंच तिला जास्त लागलं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही राग आला.

"त्याला ते रोज आठवतं," ती म्हणाली. "आणि तुला एकदाही नाही. एकदाही…"

ती उठून चालायला लागली. तो मागून आला नाही. यायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं. ती मात्र गेटपर्यंत हळूहळू चालत होती.

*

रविवारी उद्यमबाग शांत असते. यशपाल शेडमध्ये एकटाच मशीन पुसत होता. दारात अरिहंत येऊन उभा राहिला तेव्हा त्यानं मान वर केली. इतक्या वर्षांनीही ओळखायला वेळ लागला नाही.

"माफी मागायला आलास?"

"व्हय."

"कशाची? तुला तर आठवत न्हाई म्हणं."

"म्हणून तुमच्याकडं आलो," अरिहंत म्हणाला. "तुम्ही सांगा. मी ऐकतो."

यशपालनं फडकं खाली ठेवलं. त्याला बसायला सांगितलं नाही. स्वतःही उभ्यानंच सांगायला लागला, सगळं, बहिणीला सांगितलं होतं त्याहून जास्त.

"पंगती उठल्या. सगळे चपला घालाय आले. तुझी एक सापडत नव्हती. पोरांनी लाथाडलेली, पार हौदामागं गेलती. मी शोधून दिली. तू पायात घातलीस आन मला थँक्यू म्हणालास. तुला कायबी वाईट वाटलेलं नव्हतं बघ. मला कळंना, मी रागवायचं तरी कुणावर."

अरिहंतचा चेहरा उतरला. तो शेजारच्या लोखंडी पेटीवर बसला.

"चप्पल… आठवतीया," तो हळूच म्हणाला. "नवी हुती. हरवली असती तर घरात मार बसला असता. कुणीतरी आणून दिली एवढं आठवतंय. कुणी, ते मी… बघितलंच न्हाई."

बाहेर एक मोटरसायकल गेली.

"पुढल्या महिन्यात आमच्या शेतावर जेवण असतंय," अरिहंत एकदम म्हणाला. "सगळी भावकी येते. तुम्ही या. तुम्हीच सगळ्यांना वाढा. पैलं ताट माझं—"

"घमेलं देणार माझ्या हातात?" यशपालचा आवाज चढला नाही, पण धार आली. "तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी वाढपी होऊ?"

अरिहंतनं मान खाली घातली. "चुकलो. तसलं काही मनात… मला सुचंना काय करावं."

"ते मी कसं सांगू? इतकी वर्षं माझं मी बघितलं. आता तुझं तू बघ."

यशपालनं पुन्हा फडकं उचललं, दोन-चार हात मारले. मग पाठमोराच म्हणाला, "माफ केलं असं मी म्हणणार न्हाई. उगं तोंडदेखलं कशाला. आन खरं सांगू, तू पोरगं हुतास. ते सर पोरगं नव्हते. त्यांचा राग जास्त हाय मला. पण वाक्य तुझ्या तोंडचं, ते जात न्हाई डोक्यातनं."

"व्हय."

"पण माझ्या बहिणीला मागणी घालाय नववीतलं पोरगं आलेलं न्हाई. तू आलायस. आन तुला मी वळखत न्हाई." कोपऱ्यात एक लांब लोखंडी पट्टी पडली होती. यशपालनं बोटानं दाखवली. "तेवढं दुसरं टोक धर. एकट्याला उचलत न्हाई ते."

अरिहंत उठला आणि त्यानं टोक धरलं.

*

त्यानंतर तो रविवारी उद्यमबागेत यायला लागला. उपासनाला त्यानं एकदाही फोन केला नाही. यशपाल घरी येऊन तुटक काहीतरी सांगायचा आणि ती न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकायची.

"पाना धरता येत न्हाई त्याला," एका रविवारी तो म्हणाला.

पुढच्या खेपेला, "आज बोट चेचून घेतलं त्यानं."

"फार लागलं?" तिनं पटकन विचारलं.

यशपालनं सुविधाकडं बघितलं. सुविधा भाकरी थापत हसली.

मग थंडी पडली. एका सकाळी उपासनानं दवाखान्याला सुट्टी दिली आणि निपाणीची बस धरली. नववीतल्या पोरानं ते वाक्य घरातून उचललं असेल, तर ते घरच बघून यावं, असं तिनं ठरवलं होतं.

अरिहंतची आई लक्ष्मीबाई अंगणात शेंगा निवडत बसली होती. बाजेवर आज्जा होते, कानात यंत्र. त्यांनीच आधी ओळखलं. "डॉक्टरीणबाई आल्या गं," ते म्हणाले.

लक्ष्मीबाईनं पाणी आणलं, तिच्याकडं आपादमस्तक बघितलं आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "पोरानं सांगितलंय मला. आमच्या जैनांत दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. तुला जमंल?"

"जमेल," उपासना म्हणाली. "मीही एक विचारू, आक्का? माझा अण्णा आणि वहिनी या घरी आले, तर त्यांना कुठल्या ताटात वाढाल?"

लक्ष्मीबाईचे हात थांबले. "लई सरळ विचारतीस गं."

"वाकडं विचारून काय करू?"

लक्ष्मीबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "आदी विचारलं असतंस तर मला उत्तर देता आलं नसतं. मागल्या दाराला एक कपबशी असायची… कामाला येणाऱ्यांसाठी. वेगळी. मीच धुऊन पालथी घालत हुते. अरिहंत कॉलेजला गेला आन एका सुट्टीत आला, तो त्याच कपात चहा ओतून घिऊन बसला. मला काही बोलला न्हाई. दुसऱ्या दिवशी परत तोच कप. सगळी सुट्टी. शेवटी मीच ती कपबशी धुतली आन घरातल्या कपबशांत ठेवली. आता कुठली ती, मलाबी सांगता यायची न्हाई."

"मी ओरडलो हुतो त्याला," बाजेवरून आज्जा म्हणाले. "तवा मला ऐकू येत हुतं न्हवं. त्यो काय बोलला म्हाईत हाय? म्हणाला, आज्जा, हळू बोला, बाहेर माणसं हायत."

मग ते यंत्राला हात लावत म्हणाले, "ते पंगतीतलं त्यानं मला सांगितलं, बाई. ते वाक्य माझं हाय. पोरगं माझंच बोलायचं तवा. तुझ्या भावाला म्हणावं, म्हाताऱ्याला यायचंय तुमच्याकडं. येऊ दिलं तर."

"विचारते," उपासना म्हणाली.

*

रोपवाटिका घरामागे थोड्या अंतरावर होती. हिरव्या जाळीखाली ट्रेच्या रांगाच्या रांगा, बोटभर वाढलेली रोपं, आणि मधे अरिहंत, गुडघ्यावर बसून पाणी मारत. ती दिसली तसा तो उभा राहिला. हातातली झारी तशीच तिरकी राहिली आणि पाणी त्याच्याच पायावर पडत राहिलं.

"पाय भिजतोय," ती म्हणाली.

"व्हय…" त्यानं झारी खाली ठेवली. "तू कधी—"

"कपबशीचं का नाही सांगितलंस मला?"

त्याला समजायला क्षणभर लागलं. "आईनं सांगितलं?"

"त्या दिवशी तळ्यावर सांगितलं असतंस, तर मी उठून गेले नसते."

"ते काय सांगायचं?" तो म्हणाला. "कपात चहा प्यालो म्हणून तुझ्या अण्णाचं जेवण भरून येतंय व्हय? दोन्ही मीच केलंय. एक आठवतंय, एक आठवत न्हाई, एवढंच."

जाळीतून उन्हाचे बारीक चौकोन त्याच्या खांद्यावर पडले होते. त्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. त्या नववीतल्या मुलाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला माफ करणं तिच्या हातात नव्हतं, हे तिला कळलं होतं. ते अण्णाचं होतं. तो करेल किंवा नाही करणार. तिच्या हातात होता तो हा, पाय भिजलेला माणूस.

"मी हो म्हणायला आलेय," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "माझा धंदाच तो आहे."

"मी म्हटलं… परत एकदा म्हण."

"हो. पण एक गोष्ट आहे. उद्या तू काही वावगं बोललास, घरात, बाहेर, कुणालाही… तर मी इतकी वर्षं मनात ठेवून बसणार नाही. तिथंच सांगीन. सगळ्यांसमोर."

"तिथंच सांग," अरिहंत म्हणाला. "आन मला ऐकू आलं न्हाई असं वाटलं, तर परत सांग."

त्यानं हात पुढे केला, मग तो मातीनं भरलेला बघून मागे घ्यायला लागला. तिनं तो मधेच धरला, चेचलेला अंगठा सांभाळून.

"दुखतंय?"

"आता न्हाई," तो म्हणाला.

ती हसली आणि हात तसाच धरून राहिली.